बशीरसर आणि सहाव्या मिनिटाची घंटा

बशीरसरांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते एका पेटीचा भाता उघडून तिच्यात डोके घालून बसले होते. उदगीरला त्यांचे पेटीदुरुस्तीचे दुकान आहे आणि दुकानामागच्या खोलीत गाण्याचा वर्ग. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. माझ्या वडिलांनी दारातूनच सांगितले, "सर, पोरीला लातूरच्या स्पर्धेत पहिला नंबर पायजे."

सरांनी डोके बाहेर काढले. "नंबर पायजे का गाणं पायजे? दोन्ही मिळतंय हितं. पन गाण्याला टाइम लई लागतो."

वडिलांनी क्षणाचाही विलंब न लावता नंबर मागितला.

सर शब्दाला जागले. सात मिनिटांत मावेल असा भूप त्यांनी माझ्याकडून बसवून घेतला. सहाव्या मिनिटाला परीक्षक इशाऱ्याची घंटा वाजवत. ती ऐकली की मी असेन तिथून द्रुत ताना सुरू करी आणि दुसऱ्या घंटेच्या आत गाणे संपवणारी तिहाई घेऊन, समेवर येऊन नमस्कार करी. लातूर, अहमदपूर, नांदेड, चार वर्षे मी पहिला नंबर कोणाला घेऊ दिला नाही. स्पर्धांनी मला काही दिले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. माइकची भीती गेली. तीन तास एसटीत उभे राहून, उतरल्या उतरल्या सा लावता येऊ लागला.

सरांच्या वर्गात मात्र एक दंडक होता आणि आजही आहे. पहिला नंबर आणणाऱ्याने दुसऱ्या दिवशी पेढे आणायचे नाहीत. दुसऱ्या आलेल्याची बंदिश गाऊन दाखवायची. मला ती एकदाही आठवली नाही.

"ती गात होती तवा तू काय करून राहिली होतीस?"

"मिनिटं मोजत होते, सर."

"हाव," एवढेच म्हणून सर पुन्हा पेटीत डोके घालीत.

पंधराव्या वर्षी वाचनालयाच्या सभागृहात माझी पहिली बैठक ठरली. संध्याकाळची वेळ, तासभर गाणे, पेटीवर स्वतः सर. वडिलांनी अर्धी आडत बाजारपेठ आणून बसवली होती. विलंबित खयाल जेमतेम रंगू लागला आणि बाहेर कुल्फीच्या गाडीची घंटा वाजली. पुढचे माझ्या हातात नव्हते. मी ताना घेतल्या, तिहाई घेतली, नमस्कार केला आणि पुढच्या स्पर्धकासाठी जागा मोकळी करून स्टेजवरून खाली उतरले.

पुढचा स्पर्धक नव्हता. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग घड्याळे पाहिली, मग हसू दाबायचे सोडून दिले. वडील चपला शोधू लागले. सरांनी तेवढा पेटीवरचा हात काढला नाही. म्हणाले, "मी शिकवलं तेवढं पोरगी गायली. बाकीचं मीच शिकवायचं ऱ्हायलंय." आणि उरलेला पाऊण तास ती बैठक त्यांनी एकट्याने पेटीवर निभावून नेली.

मी गाणे सोडले. तानपुरा कोणाला तरी देऊन टाका, असे आईला सांगितले आणि आठ दिवस वर्गाकडे फिरकले नाही. नवव्या दिवशी सर घरी आले. रागावले नाहीत. "सोडायला आधी धरावं लागतंय, बेटा," म्हणाले. "तू अजून कुठं धरलंयस?" मी रडले. आईने चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले, तर खिडकीखाली कुल्फीवाले मामू गाडी लावून उभे. सरांनीच त्यांना रोज चार वाजता यायला सांगितले होते. मी विलंबित गायचे, मामूंनी मनाला येईल तेव्हा घंटा वाजवायची आणि मी थांबायचे नाही. पहिला आठवडा मी दर घंटेला दचकले. वर्गातल्या बाकीच्यांची वजने वाढली. महिन्याभरात मला घंटा ऐकू येईनाशी झाली. पण मामू तोवर खयालाला इतके सरावले की ते नेमके समेवर घंटा देऊ लागले. "मामू, तुमी बिघडलात," म्हणून सरांनी त्यांना बेताल वाजवण्याची रीतसर विनंती केली.

दोन वर्षांनी त्याच सभागृहात मी सव्वा तास गायले. वडील शेवटपर्यंत बसले. नंबर कितवा आला, हे त्यांनी विचारले नाही.

आज नांदेडला माझा वर्ग आहे. मीही मुलांना स्पर्धांना पाठवते आणि परत आली की दुसऱ्या आलेल्याची बंदिश विचारते. गेल्या वर्षी एका स्पर्धेत परीक्षक म्हणून घंटा माझ्याच हातात होती. एका मुलीने असा काही विलंबित लावला की मी ती वाजवायची विसरले. आयोजकांनी मला पुन्हा बोलावलेले नाही. सरांना हे कळवले, तर फोनवर बराच वेळ हसत होते. मग विचारले, "काय गायली ती? गाऊन दाखव." मी गायले. पहिल्यांदाच.

सर, पंचाहत्तरी म्हणजे इशाऱ्याची घंटा, असे या समारंभात कोणीतरी म्हणेलच. आपण ती मामूंची समजावी. तब्येत सांभाळावी, विलंबितातच राहावे आणि तिहाईची मुळीच घाई करू नये. आम्ही सगळे मागे तानपुरे धरून बसलो आहोत.