रेस सोडू नगंस

मला गाडी येती असं म्हनायला नगं. ह्यांनी शेताच्या वाटंवर दोन-चार बारी शिकवलेली, तीबी पैल्या-दुसऱ्या गेरात. तिसरा टाकाय गेलं की हे म्हनायचे, "बास बास, कुनाचा तर ऊस मोडशील." शाळा माजी आठवीपतूर. लायसन-बियसन काय न्हाय. आनि त्या सकाळी पोरीला घालून राधानगरीकडनं कोल्हापूरपतूर जीप मीच न्हेली.

पोरगी आठ म्हैन्याची. सर्दी हुती, मला वाटलं उतरंल. उजाडल्यावर पाजाय घेतली तर तोंडच लावंना. अंगावरचं कापड वर केलं आनि बगितलं, श्वास घेताना फासळ्याखाली खड्डा पडायचा. एवढा, बोट मावंल एवढा. ओठ निळसर दिसाय लागलेले. कोल्हापूरला लहान पोरांच्या डॉक्टरांना फोन लावला, तर त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं न्हाय. "फोनवर काय विचारू नका ओ ताई. उचला आनि घेऊन या."

घेऊन या, पर कशातनं? हे ट्रॅक्टर घेऊन शिरोळकडं ऊस वडाय गेलते. शेजारची गाडी पाटंचं दूध घेऊन गेली ती आली न्हवती. दवाखान्याच्या गाडीला फोन केला, ती दुसरा पेशंट घेऊन लांब गेलती, यील म्हनले, कवा ते सांगंनात. मामांना, म्हंजे सासऱ्यांना, बैलगाडी सोडून काय हाकता येत न्हाय. दारात हुती ती आमची जुनी डिझेल जीप. आनि थंडीत तिचं काय असतंय ते आख्ख्या गल्लीला म्हाईत. ह्यांनी रोज सकाळी तिला शिव्या घातल्याबिगर ती चालू झालीया असं कवा झालं न्हाय.

आत्ती, म्हंजे सासू, पोरीला कवळून मागं बसल्या. मामा म्होरं. मी चावी फिरवली. डिझेल गाडीला चावी आदी अर्धीच फिरवायची असती, मीटरमधी पिवळी लाईट लागती, ती विझूस्तवर दम धरायचा. तवर आतला हिटर तापतो. मला हे म्हाईत हुतं. पर मागनं पोरीचं घुर्र घुर्र ऐकू येत असताना त्या लाईटीकडं बगत कोन बसंल? मी तशीच मारली. खर्रर्र, खर्रर्र, पांढरा धूर, गप. परत मारली. परत गप.

ह्यांना फोन लावला.

"तुला कुनी सांगितलंय गाडीला हात लावाय?"

मी फोन नुसता पोरीच्या तोंडापशी न्हेला. तिकडनं ट्रॅक्टरचा आवाज बंद झाला. मग हे एकदम हळू बोलाय लागले. "लाईट विझूदे. चावी सोड, परत लाव, परत विझूदे. मग मार. चालू झाली की रेस सोडू नगंस. बंद पडून पडून बॅटरी गेली तर मग काय खरं न्हाय."

लाईट विझूस्तवर मी देवाचं नाव घेतलं. दुसऱ्यांदा विझूस्तवर नाव घ्यायचंबी सुचलं न्हाय. मारली आनि झाली बाई चालू. सगळी गाडी थडथडाय लागली, मामांचा हात म्होरच्या मुठीवर, "हळू, म्हस हाय, हळू!"

गावाभाईर चढ लागतोय. ह्यांनी सांगितल्यालं ध्येनात, म्हनून रेस दाबली. जेवढी दाबली तेवढी ती घुसमटाय लागली, काळा धूर सोडला आनि बंद. चावी मारली की व्हायची चालू, चांगली नीट, आनि रेस दिली की परत बंद. मी आनिकच जोरात दाबायची. तिसऱ्या-चौथ्या बारीला बॅटरी कण्हाय लागली.

तिथं गुऱ्हाळ हाय. गूळ काढनारी मानसं चुलवानाजवळ शेकत बसलेली. मामांनी खाली उतरून हाळी दिली, "पावनं, या की जरा! नात लई आजारी हाय!"

चार-पाच गडी पळत आले आनि ढकलाय लागले. गाडी जाग्याची हलंना.

"वैनी, ब्रेकवरचा पाय आदी काडा की! का आमी बैल हाय व्हय?"

खरंच पाय ब्रेकवर हुता. काडला. ढकलली, चालू झाली, दहा पावलं गेली, बंद. मी स्टेअरिंगवर डोकं टेकलं. मागनं आत्ती म्हनाल्या, "पोरगी डोळं पांढरं कराय लागलीया गं."

तेवढ्यात जळकट वास आला. तरट जळाल्यावानी. एका गड्यानं बॉनेट उघाडलं. इंजिनावर चांगलं जाडजूड तरट घातल्यालं. एक कोपरा करपलेला, आनि मदला भाग हवा वडायच्या नळीच्या तोंडात पार आत गेल्याला.

"ह्ये कुनी घातलंय?"

आत्ती मागनंच म्हनाल्या, "मीच घातलंय की. इंजान गार पडतंय म्हनून आमचा ल्योक रोज वरडतोय. रात्री घातलं. वासराला घालतोच की आपन थंडीत."

"मावशे, वासरू नाकानं श्वास घेतंय, त्येच्या नाकात तरट कोंबतीस व्हय?" त्यो गडी म्हनला आनि दुसरा फिस्सकन हसला. मामांनी त्याच्याकडं असं बगितलं की त्यो गपकन तरट उपसाय लागला. उपसून उसाच्या चिपाडात फेकलं. म्हंजे मी रेस दिली की नळीनं तरट वडून घ्यायचं आनि हवाच बंद व्हायची. ह्यांनी सांगितलं तेच मी करत हुते, आनि त्यानंच गाडी मरत हुती.

ढकलली. चालू. भीत भीत रेस दिली. गाडी चढ चढाय लागली.

आरशात बगितलं तर आत्तींनी पोरीला कुंची, वर शाल, शालीचा पदर पार तोंडावरनं घेतल्याला.

"आत्ती, तोंडावरचं काडा."

"गार वारं लागतंय गं तिला."

"लागूदे! काडा म्हनते न्हवं!"

लगीन झाल्यापास्नं आत्तींच्यावर माजा आवाज चढला त्यो त्या दिवशीच. त्यांनी काय न बोलता पदर काडला.

म्होरं धुकं. उसाच्या ट्रॉल्या रांगंनं चालल्याल्या, मागची लाईट एकीला न्हाय. वलांडून जायाचं मला येत न्हाय, आनि मागं थांबायचं तर गाडी बंद पडायची भीती. क्लच अर्धा दाबून, रेस थोडी धरून, मी त्या ट्रॉलीच्या मागं मुंगीवानी चालले. मागनं हॉर्न, शिव्या. "बाई, कडंला घे की!" कडंला घेतली तर परत वर काडता येईल का न्हाय त्ये कुनाला म्हाईत.

कोल्हापूरच्या अलीकडं पुईखडीचा चढ हाय, तिथं मागचं घुर्र घुर्र थांबलं.

"आत्ती?"

कायच न्हाय.

"आत्ती, बोला की!"

"हाय. हाय गं. दमलीया. तू म्होरं बग."

मी म्होरं बगितलं. तिसरा गेर तवा टाकला, कसा टाकला ते आठवत न्हाय.

दवाखान्याच्या पायऱ्यांपशी गाडी लावली, लावली म्हंजे उभी केली, आनि पोरगी घेऊन पळाले. सिस्टरनं हातातनं काडूनच घेतली. नाकाला मास्क, नळीतनं वाफ. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकत हुते आनि मला भाईर काडलं.

भाईर वाचमन तावातावानं, "जीप कुनाची? चालूच ठेवलीया! समदा धूर आत येतोय! बंद करा आदी!"

"न्हाय करनार," मी म्हटलं. "परत चालू झाली न्हाय तर?"

"ताई, परत आता कुठं जायाचंय तुमाला?"

मी दारातच उभी. एक कान आत, एक कान जीपकडं. मामा भिंतीला टेकून बसल्याले, आत्ती पदरानं तोंड पुसत्यात. वाचमन खोकतोय आनि माज्याकडं बगतोय.

मग आतनं आवाज आला. आदी बारीक, घोगरा, मग टाहो फोडल्यावानी. आमचीच पोरगी. भुकंनं रडती तशी, रागानं. सिस्टरनं दार उघडून 'बरी हाय' अशी नुसती मान हलवली.

मी पायऱ्या उतरले, जीपमधी हात घालून चावी फिरवली. गाडी गप झाली. आनि मग मी जीपच्या दारालाच टेकले, तशी त्या वाचमननंच मला धरून पायरीवर बसवलं.