शिंपीआजोबांनी सदरा काढला

"पाय गार, पोट गरम," मी डॉक्टरांना सांगितलं. नवजात बाळाला असं हाताच्या पालथ्या बाजूने चाचपतात. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळ गारठायला लागलंय. पोटही गार पडलं तर मामला गंभीर.

मुलगी वजनाने जरा कमी. आई सिझेरियननंतर अजून ऑपरेशन थिएटरमध्येच. "थोडा वेळ देते, सिस्टर. नाहीतर एनआयसीयू," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे बाळ अतिदक्षता विभागात, आणि आई बाहेर येईल तेव्हा शेजारचा पाळणा रिकामा. मला ते अजिबात नको होतं.

आईचे वडील शिंपी. घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, माळकरी. मी साताऱ्याची, इथे म्हैसुरात मराठी कानावर पडली की माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. आजोबांनी नातीसाठी जुन्या मऊ धोतराची झबली शिवून आणली होती, अस्तर लावून.

"अजून एक घाला की, सिस्टर. मी ढीगभर आणलोय."

"नको. आहे तेही काढायचंय."

त्यांचा चेहरा पडला. कपडा ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो, हे मी समजावलं. गारठलेल्या बाळाला उघड्या छातीशी धरायचं, वरून पांघरूण घालायचं. याला कांगारू केअर म्हणतात. आई नसेल तर घरचं कुणीही ठणठणीत माणूस चालतं. पण आजीला खोकला, आणि जावई बेळगोळच्या फॅक्टरीतून निघालेला, अजून वाटेतच.

"उरलात तुम्ही. सदरा काढा."

"अय्यो, बेडा सिस्टर, नको. परक्या बाईसमोर कधी काढलो नाही."

"मी परकी? मघाशी तर लेक म्हणालात."

ते हसले. सदरा काढून नीट घडी घातली, शिंपीच ते. "माळ मात्र काढणार नाही."

"पाठीवर सरकवा."

डायपर आणि टोपडं एवढ्यावर मुलीला त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं, मान एका बाजूला, म्हणजे श्वास मोकळा राहतो. आजोबांनी मात्र स्वतःचा श्वास रोखून धरला. "तुम्हीही घ्या श्वास," मी म्हटलं. हळूहळू ते काहीतरी गुणगुणू लागले आणि पोरगी झोपली. मी पाय चाचपले. गरम होते. काखेतलं तापमानही नॉर्मल. डॉक्टरांनी एनआयसीयूचा बेड रद्द केला, आणि मला नाचावंसं वाटलं.

इतक्यात जावई धापा टाकत आला, शर्टाची बटणं सोडतच. "मामा, द्या इकडे."

"थांबा की," सासरे म्हणाले. "सिस्टर अजून सोडा म्हणल्या नाहीत."

मी म्हटलं होतं. दोनदा.

शेवटी पोरगी आजोबांच्या छातीवरून सरळ आईच्या छातीवर गेली. जावई बटणं लावत बसला.

प्रसूतीच्या बॅगेत काय काय आणू, असं आता कुणी विचारलं की मी सांगते: कपडे आणाच, पण वेळेला सदरा काढील असं एक माणूसही आणा.