मागावरची शेवटची साडी आणि कॅमेऱ्यातल्या लहरी

मामाचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या घरी नव्या कॅमेऱ्याचं कौतुक करत बसले होते. "बाई, हातमाग काढून टाकून राह्यलो," मामा म्हणाला. "शेवटची साडी चढवली हाये. उतरायच्या आत ये अन् फोटो काढ. सूतन्‌सूत दिसलं पाहिजे. माग होता त्या भिंतीवर लावीन."

मध्य प्रदेशातल्या वारासिवनीजवळच्या एका खेड्यात मामाचं घर आहे. हातमाग हा आईच्या माहेरचा पिढीजात धंदा. माझ्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या त्या खटखटीत गेल्या, दुपारची झोपसुद्धा तिच्याच तालावर लागायची. आता मामाची नजर अधू झालीये आणि मागावर बसणारं घरात दुसरं कोणी नाही. मी लगेच पिशवी भरली. नव्या कॅमेऱ्यासोबत जुनाही घेतला, उगीच, सवयीनं.

जाणार असाल तर नागपूरहून गोंदिया, तिथून बालाघाट, आणि पुढे कटंगीकडे जाणारी गाडी धरून वारासिवनीला उतरा. गाड्या मोजक्या आहेत, वेळ आधी पाहून ठेवा. भाडं इतकं कमी की वाटेत खाण्यावरच जास्त खर्च होतो. बालाघाटला पोहे आणि गरम जिलेबी खाल्ली नाहीत तर फेरी फुकट गेली असं समजा. हिवाळा असल्यानं धान कापून झालं होतं आणि वारासिवनीत राइस मिलचा कोंडा हवेत उडत होता. त्या कोंड्याचा वास आला आणि आईची आठवण झाली. रिक्षावाल्यानं विचारलं, "मैडम, शादी में आए हो क्या?" मी म्हटलं, "बिदाई में." त्यानं माझी पिशवी उचलून रिक्षात ठेवली.

मामीनं चिन्नोर तांदळाचा भात वाढला. असा वास नागपुरात कितीही पैसे मोजून मिळत नाही. जेवण होताच मामा मला मागाच्या खोलीत घेऊन गेला. गर्द जांभळी साडी, बारीक काठ, पदर नुकताच पुरा झालेला. जबलपूरच्या एका मुलीच्या लग्नासाठी होती. मी दिवा लावला, तिपाई उभी केली आणि फोटो काढून मोठ्या ऐटीत मामासमोर धरला.

मामा कॅमेऱ्याला नाक लावून बघत राहिला. मग म्हणाला, "हे लहरा कायच्या?"

मी पाहिलं. फोटोतल्या सबंध साडीवर हिरव्या-गुलाबी लहरी पसरल्या होत्या. फोटो मोठा केला, तरी होत्याच.

"माया हात हालला असन," मामा खाली बसला. "मागाची फणी बी जुनी झाली. हे साडी मी देत नाही."

"अवो, हात लावून तं पाहा," मामी म्हणाली.

"बोटं बी म्हातारी झाली. कॅमेरा काहून खोटं बोलन? बेकार माल म्या जन्मात देल्ला नाही. उकलून टाकतो." आणि खरंच त्यानं कात्री मागितली.

साठ वर्षं मागावर बसलेल्या माणसाची शेवटची साडी माझ्या एका फोटोपायी कात्रीखाली जाणार होती! मी मामीला मच्छरदाणी आणायला सांगितली. "आता वं? भर दुपारी?" असं म्हणत तिनं ती आणली. मी जाळी दुहेरी करून खिडकीसमोर धरली. एकावर एक पडलेल्या जाळ्यांत लगेच लहरी उमटल्या. जरा हलवली की लहरी पळायच्या.

"मामा, या जाळीत लहरी आहेत का?"

"नाही. दोन जाळ्या लागल्या म्हनून दिसते."

"तसंच आहे हे. कॅमेऱ्याच्या आत सेन्सर असतो. त्यावर उजेड टिपणारे बारीक कण रांगेनं बसवलेले असतात, आडवे-उभे. मेगापिक्सेल म्हणजे त्या कणांची संख्या. तुझं सूत आणि त्याच्या रांगा जवळजवळ सारख्या आल्या की तिसरंच काहीतरी दिसतं."

पूर्वीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे एक पातळ थर असायचा. तो चित्र किंचित मऊ करायचा आणि या लहरी अडवायचा. जास्त तपशील मिळावा म्हणून नव्या कॅमेऱ्यांतून तो बरेचदा काढून टाकतात. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही, तिथे नुसता आकडा मोठा करून लिहितात. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात तो थर होता. मी त्यानं फोटो काढला. कण चौपट कमी, सूत जरा पुसट, पण लहर एकही नाही.

मामानं दोन्ही फोटो पाहिले, साडीवरून पुन्हा बोटं फिरवली. "म्हंजे तुया कॅमेऱ्यात बी उभ्या-आडव्या सुताचा ताणा-बाणा हाये," तो म्हणाला. "बुचकळ्यात पाडलं लेकानं." मग कात्री घेतली, पण साडी मागावरून उतरवायला. मामीनं मागाला हळद-कुंकू लावलं. मामा रडला, मग मीही रडले आणि कोणी कोणाची समजूत घातली नाही.

उतरवण्याआधी मात्र मी नव्या कॅमेऱ्यानं अगदी जवळ जाऊन तुकड्या-तुकड्यानं फोटो घेतले होते. एका सुतावर पुष्कळ कण आले की लहरी जातात आणि मोठ्या आकड्याचा खरा उपयोग होतो. कापड टिपणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

नागपूरला परतून ते तुकडे संगणकावर मोठे करून पाहत होते. पदराजवळ जांभळ्या सुतांमध्ये एक पांढरी रेघ दिसली, किंचित वाकडी. सूत नव्हतं ते. मामाचा केस होता, डोक्यावरून गळून साडीत विणला गेलेला. साडी तोवर जबलपूरला पोचलीही होती. सांगू की नको असं झालं, पण फोन लावून सांगितलं.

मामा हसला. "हे मातर माईच चूक हाये वं. या टाइमाले कॅमेरा खरं बोलला."

"त्यांना कळवू का?"

"काहून? राहू दे. तोच फोटो मोठा करून पाठव, भिंतीवर लावतो." मग म्हणाला, "एवढ्या पोरी सासरी गेल्या माया साड्या नेसून. मी कोनासंगच गेलो नवतो. आता गेलो."