परत येण्याचा पुरावा

फिलिपिन्समधल्या मबिनी गावात बाजारातून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दुमजली घरं आहेत. पुढे गोल खांब, वर गच्ची आणि निम्म्या दारांना कुलपं. मालक इटलीत. आधी बायका गेल्या, मग नवरे, मग मुलं, आणि मुलांना सांभाळायला आजीआजोबा. किल्ल्या तेवढ्या लिब्राडा दिमायुगाकडे राहिल्या. दर शनिवारी ती एकेक घर उघडायची, खिडक्या सताड उघड्या करायची, नळ सोडून बघायची आणि पुन्हा कुलूप लावून आपल्या टपरीवर यायची.

टपरी चर्चच्या जागेत होती. वर पत्रा, खाली दोन बाकं. तिथं ती लोमी विकायची: जाड शेवया, घट्ट रस्सा, वर कलेजीचे तुकडे आणि पिळायला कालामान्सीचं बारकं लिंबू. पन्नाशी ओलांडली होती. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, एखादं भांडं घासायचं राहून जावं तसं. दोन भाऊ आणि धाकटी बहीण सेवेरिना रोममध्ये. भावांची पोरं हिनंच वाढवली, त्यांची नाकं पुसली, त्यांना शाळेत सोडलं, आणि कागद आले तसं एकेकाला विमानतळावरही सोडून आली.

सेवेरिना दर नाताळला फोटो पाठवायची. दर वेळी एकाच कारंज्यापुढे. कोट बदलायचा, केस पांढरे होत चालले होते, कारंजं तेच. आई गेली तेव्हाही तिला येता आलं नव्हतं. ज्या म्हातारीला ती सांभाळते तिला कुणाच्या भरवशावर टाकणार. एका नाताळात लिब्राडानं तो फोटो बराच वेळ न्याहाळला आणि समोर लोमी खात बसलेल्या कप्तानाला म्हणाली, "जाऊन बघते म्हणते. या कारंज्याच्या मागे काही आहे की नाही."

कप्तान म्हणजे वस्तीचा प्रमुख, आम्ब्रोसिओ इलागान. विधुर माणूस, आवाज भारदस्त, वस्तीतल्या प्रत्येक दाखल्यावर सही त्याची.

"म्हणजे तूही चाललीस," तो म्हणाला.

"बघून परत येणार आहे."

"हो. सगळे तसंच म्हणतात," असं म्हणून त्यानं आणखी एक लिंबू पिळलं.

लिब्राडानं एकेक कागद जमवला. जन्माचा दाखला, टपरीचा परवाना, कर भरल्याच्या पावत्या, बँकेचा दाखला, सेवेरिनाचं बोलावणं आणि प्रवासाचा विमा. फोटोवाल्यानं तिला बजावलं की हसायचं नाही. ती हसत नव्हती. मनिलाला व्हिसाच्या केंद्रात यंत्र तिच्या बोटांचे ठसे घेईना. वर्षानुवर्षं गरम भांडी उचलून बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. खिडकीतल्या पोरीनं तिची बोटं पुसली, दाबली, पुन्हा पुसली आणि शेवटी विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"लोमी."

"मग बरोबर आहे," पोरगी म्हणाली आणि आपल्या हातानं तिचा अंगठा काचेवर दाबून धरला.

काही दिवसांनी पासपोर्ट परत आला. आत व्हिसा नव्हता, एक छापील कागद होता. त्यावर कारणांची यादी होती आणि एका चौकोनात खूण केली होती: अर्जदाराचा मायदेशी परतण्याचा इरादा सिद्ध होत नाही.

लिब्राडानं तो कागद टपरीवर सगळ्यांना वाचून दाखवला. तिला वाटलं होतं लोक चिडतील. कुणी चिडलं नाही.

"यात चूक काय आहे?" रोसेंदा म्हणाली. रोसेंदा तिच्या चुलतभावाची बायको, टपरीवर हाताखाली असायची, आणि मनात येईल ते बोलून टाकायची. "ताई, तुला नवरा नाही, पोर नाही, टपरीची जागा पाद्रीबाबांची. रक्ताचं माणूस म्हणशील तर सगळी तिकडे. तू परत येशील कशाला?"

कागदावर पाहिलं तर लिब्राडाला परत यायला खरंच काही कारण नव्हतं. हे तिला आजवर कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. ती थोडा वेळ कांदा चिरत राहिली. मग म्हणाली, "त्यांनीच सांगितलेला विमा काढलाय. मेले तर प्रेत परत आणायची हमी त्यात आहे. जिवंत परत येईन म्हटलं तर विश्वास नाही."

त्यानंतर वर्षभर तिला सल्ले मिळाले. कुणी म्हणालं जमीन नावावर कर. कुणी म्हणालं, अमुक एजंट बँकेत चार दिवस रक्कम दाखवतो. कप्तान एका दुपारी गिऱ्हाईक नसताना आला, टोपी काढून बाकावर ठेवली आणि म्हणाला, "हे बघ, नवरा असला की वकिलात विश्वास ठेवते. मी तसा रिकामाच आहे. व्हिसापुरतं लग्न करायला माझी हरकत नाही."

लिब्राडानं विचार केला. खरोखर केला, रस्सा ढवळायची थांबली.

"कप्तान, व्हिसा असतो पंधरा दिवसांचा," ती म्हणाली. "तुम्ही कायमचे घरी."

कप्तानानं टोपी घातली. तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा लोमी खायला आला, फक्त जास्तीची कलेजी मागितली नाही.

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज केला. कागद तेच, एकही नवा नाही. या खेपेला तिला मुलाखतीला बोलावलं. खोली लहान होती. समोर एक गोरी बाई चष्मा कपाळावर सारून बसली होती आणि शेजारी दुभाषी म्हणून एक फिलिपिनो तरुणी.

"बहीण तिकडे, दोन्ही भाऊ तिकडे," बाईनं विचारलं. "तुमचं इथं कोण आहे?"

"मी आहे," लिब्राडा म्हणाली.

दुभाषीनं तेच सांगितलं.

"तिथं राहून काम करावंसं वाटलं तर?"

"काम मला इथं आहे."

"तिथं पैसे जास्त मिळतात."

"मग तुम्ही इकडे कशा आलात?"

ती तरुणी लिब्राडाकडे बघून हलकेच म्हणाली, "मावशी, हे सांगू का?"

"विचारलंय तर सांग."

बाईनं ते ऐकलं, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. लिब्राडाला वाटलं, झालं, गेलं. तेव्हा जाताजाता खरं तरी सांगावं म्हणून ती म्हणाली, "आणि माझं सेवेरिनाशी आठवड्याच्या वर पटत नाही. लहानपणापासून. मी काहीही शिजवलं तरी ती मीठ मागते. पंधरा दिवस म्हणजे पुष्कळ झाले."

तेही लिहून घेतलं गेलं. आणि व्हिसा मिळाला.

त्यानंतर तिच्या निरोपाचं जेवण झालं. लिब्राडानं ते ठेवलं नव्हतं, पण गावात कुणी निघालं की ते होतंच. डुक्कर भाजलं, पाद्रीबाबांनी तीर्थ शिंपडलं, आणि किल्ल्यांचा जुडगा कुणाकडे द्यायचा यावर तिच्यासमोरच चर्चा झाली. रोसेंदा तिच्या गळ्यात पडून खूप रडली, आणि रडणं संपल्यावर म्हणाली, "ताई, मोठी कढई मी ठेवून घेऊ ना?"

"अगं, मी पंधरवड्यात येतेय."

"छान. विमानतळावरही अस्संच सांग," कप्तान म्हणाला. "चेहरा अजिबात हलला नाही. शिकून घ्या रे पोरांनो."

रोमला सेवेरिना न्यायला आली होती. फोटोतल्यापेक्षा बुटकी वाटली. ती एका नव्वदीतल्या म्हातारीच्या घरी राहायची, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. खोलीत एक पलंग, एक खुर्ची आणि भिंतीवर चौकटीत लावलेला फोटो: मबिनीतलं तिचं स्वतःचं घर, खांब, गच्ची, सगळं. ते घर बांधून झालं तेव्हा ती एकदाच येऊन गेली होती आणि त्यात आठवडाभर झोपली होती.

पहिल्या रविवारी भाऊ बायकामुलांसह जेवायला आले. ज्यांची नाकं पुसली होती ती पोरं आता दाढी राखून होती. हिच्याशी आपल्या भाषेत आणि एकमेकांशी दुसऱ्याच भाषेत बोलत होती. सेवेरिनानं तिला कारंजंही दाखवलं. तिथं इतकी गर्दी होती की त्याच्या मागे काय आहे ते दिसलं नाही.

संध्याकाळी म्हातारीला भरवून झालं की दोघी स्वयंपाकघरात बसायच्या. एकदा सेवेरिना कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, "ताई, माझ्या घरात सकाळी ऊन आधी कुठल्या खोलीत येतं गं?"

"मागच्या. पेरूकडच्या."

"मला वाटायचं पुढच्या."

"पुढच्या खोलीत दुपारी येतं. आणि तुझ्या मोरीचा नळ गळतो. मी चिंधी बांधलीय."

सेवेरिनानं एक पांढरी चादर पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी केली. "वर चढताना पायऱ्या किती रुंद आहेत तेही मला आठवत नाही," ती म्हणाली.

लिब्राडानं हातांनी रुंदी दाखवली.

आठवडा उलटला. लिब्राडा भांडणाची वाट पाहत होती. भांडण झालं नाही. सेवेरिना तिला आधी आंघोळीला जा म्हणायची, चांगली उशी द्यायची, बाहेर पडताना हात धरायची. एका दुपारी लिब्राडानं तिथल्याच शेवया आणून लोमी केली. रस्सा जमला नव्हता, मीठ तर मुद्दामच कमी घातलं होतं. सेवेरिनानं वाटी संपवली आणि म्हणाली, "छान झालंय, ताई. दमली असशील."

हे ऐकून लिब्राडाला फार वाईट वाटलं. पाहुण्याशी बोलावं तसं ते होतं. तिनं भांडी घासायला घेतली, घासलेलीही घासली.

निघायला दोन दिवस उरले तेव्हा सेवेरिनानं विषय काढला. "ताई, राहा. समोरच्या बिऱ्हाडात एक म्हातारे आहेत, त्यांना बाई हवीय. मी बोलून ठेवलंय. कागदाचं पुढं बघू. आम्हीही सगळे असेच राहिलो."

"मी परत जाते म्हणून सांगून आलेय."

"कुणाला?"

"वकिलातीतल्या बाईला."

"ती बाई तुझी कोण लागते?"

"कुणी नाही. पण तिनं लिहून घेतलंय."

सेवेरिनाचा आवाज एकदम चढला. "तुझं हे नेहमीचंच. आईनं सांगितलं म्हणून तू घरी राहिलीस, आता एक परकी बाई सांगते म्हणून परत चाललीस. तुला स्वतःला काय हवंय ते कधी बोलली आहेस?"

"मला घरी जायचंय."

"घरी आहे कोण तुझं?"

"तेच तिनंही विचारलं होतं," लिब्राडा म्हणाली. "आणि रोसेंदानंही. तुम्ही सगळ्यांनी मिळून एकदाच काय ते ठरवा."

मग दोघी चांगल्या तासभर भांडल्या. आईच्या कानातल्यापासून सुरुवात झाली. आतल्या खोलीतून म्हातारीनं घंटी वाजवली, तरी थांबल्या नाहीत. विमानतळावर सेवेरिना तिच्याशी धड बोलली नाही, पण चॉकलेटांनी भरलेली एक जड पिशवी हातात कोंबली आणि ती फुटली तर तुझी जबाबदारी असं बजावलं. लिब्राडा विमानात बसली तेव्हा तिला बरं वाटत होतं.

मबिनीला जीपनी म्हणतात त्या वडापच्या गाडीतून उतरून ती पिशवी ओढत टपरीशी आली. टपरीवर नवी पाटी होती: रोसेंदाची लोमी. बाकं भरलेली होती. रोसेंदानं पळी हवेत धरली ती तशीच राहिली.

"पकडलं?" तिनं विचारलं.

"नाही गं. पंधरा दिवस संपले."

बाकावरची माणसं खाली वाट्यांकडे बघू लागली. एकानं सरकून तिला जागा दिली, आजाऱ्याला देतात तशी. कप्तान बातमी ऐकून आला, टोपी हातात घेऊन, आणि हळू आवाजात म्हणाला, "लिब्राडा, यात लाजण्यासारखं काही नाही. असं भल्याभल्यांचं होतं."

"काही झालं नाही, कप्तान. तिकीट परतीचं होतं, परत आले."

"हो, हो," कप्तान म्हणाला. रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनात खचून न जाण्याबद्दल सांगितलं आणि सगळ्या चर्चनं लिब्राडाकडे मान वळवली. शेजारणी पपया, अंडी, गुळातला चिकट भात घेऊन येत राहिल्या. जी यायची तिला ती तेच सांगायची, आणि जी यायची ती तिचा हात थोपटायची. दहाएक दिवसांनी ती थकली.

त्या दिवशी रोसेंदा शेवया उकळत होती. तिनं पुन्हा हळूच विचारलं, "ताई, आता तरी सांग. पोलीस होते का?"

"होते," लिब्राडा म्हणाली.

"किती?"

"दोघं."

"मारलं का गं?"

"नाही. सभ्य होते. कॉफी दिली."

रोसेंदानं सुटकेचा निःश्वास सोडला. बाकावरच्या माणसांनीही. कुणीतरी म्हणालं, तिकडचे पोलीस सभ्य असतात, माझ्या मेव्हण्यालाही कॉफीच दिली होती. बोलणं सुरू झालं, माणसं पुन्हा तिच्याकडे सरळ बघू लागली, आणि कप्तानानं जास्तीची कलेजी मागितली. पाटीचं नंतर ठरलं: सकाळ रोसेंदाची, दुपारपासून लिब्राडाची, आणि शनिवारी टपरी बंद, कारण घरं उघडायची असतात.

हकिगत गावात फिरत राहिली. पोलीस दोनाचे चार झाले. पुढे त्यात एक कुत्राही आला, पण तो लिब्राडानं घातलेला नव्हता.