गजेंद्रमोक्षातले देवाचे पाय

आमच्या सोप्यात गजेंद्रमोक्षाचं तैलचित्र आहे, दाराएवढं उंच, माझ्या सासऱ्यांनी काढलेलं. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मला वाटलं, देवाचं चित्र म्हणजे देवच. पहिल्याच शुक्रवारी न्हाऊन गेले आणि विष्णूच्या पायांना ओलं हळदकुंकू लावलं. मामंजी तिथंच पान जुळवत बसले होते. त्यांनी बघितलं, पण काही बोलले नाहीत. मग काय, दर शुक्रवारी लावत आले, मामंजी गेल्यावरही. किती वर्षं ते विचारू नका. पायांच्या जागी लाल खपली धरली होती.

माझी शाळा चौथीपर्यंतची. चित्र वाचायला शिकवलं ते मामंजींनी. विचारायचे, "उजेड कुठं पडलाय, सांग?"

"देवाच्या तोंडावर."

"नीट बघ की!"

बघते तर देवाचं तोंड सावलीत, आणि सगळा उजेड हत्तीच्या ओल्या पाठीवर. "संकटात कोण हाय? आधी त्याच्याकडं बघायचं," म्हणायचे. देव गरुडाला मागं टाकून धावलाय, म्हणून गरुड लांब, चिमणीएवढा. सोंडेतलं कमळ म्हणजे हत्तीजवळ देण्यासारखं उरलेलं शेवटचं. मगरीचे डोळे मात्र खुनशी नाहीत, दमलेले आहेत. "ती बी शापातच हाय बाई. सुटणार दोघंबी."

यंदा गावात जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. त्यासाठी चित्र साफ करायला कसबा बावड्याची एक बाई आली. जुनी चित्रं दुरुस्त करणं हेच तिचं काम. बापाचं चित्र म्हटल्यावर माझी नणंदही हजर! त्या खपलीवर बोट रोखून म्हणाली, "वैनी, काय करून ठेवलंसा हे? देवाला पाय तरी शिल्लक हायत का?"

"तुम्ही जरा गप्प बसा, वन्सं," मी म्हटलं खरं, पण मनात तेच आलं. ज्या माणसानं मला बघायला शिकवलं, त्याचंच काम मी माझ्या हातानं नासवलं की काय!

ती बाई औषधात कापूस बुडवून हळूहळू पुसू लागली. ताटलीत लाल बोळ्यांचा ढीग झाला. मला बघवेना, मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. बऱ्याच वेळानं हाक आली, "आजी, या इकडं."

पाय होते. नखंसुद्धा होती, टाचेची धूळसुद्धा. तिनं बॅटरी आडवी धरून दाखवलं. "इथं व्हार्निश दाट आहे बघा. बाकी चित्राला एकच हात, पायांना कितीतरी. आणि एका दिवसात दिलेले नाहीत, वरचेवर दिलेत. कुंकू खाली रंगापर्यंत पोचलंच नाही."

नणंद वाकून पायांजवळ गेली. मग म्हणाली, "दर दिवाळीला मी म्हायेरला आले की बाबा ब्रश घेऊन चित्रापुढं वाकलेले असायचे. मला वाटायचं, धूळ झटकत्यात."

या चित्रातलं सगळं मामंजींनी मला उलगडून सांगितलं होतं, एवढंच सांगितलं नव्हतं. 'लावू नको' म्हणाले असते तर मी एका शब्दात थांबले असते. ते म्हणाले नाहीत. माझं मन मोडू नये आणि चित्रही जाऊ नये, म्हणून म्हातारा माणूस वर्षावर्षाला वाकत राहिला. मी तिथंच मान खाली घालून उभी राहिले, आणि रडले म्हटलं तरी चालेल.

"आता नवं व्हार्निश देते," बाई म्हणाली, "पण आजी, कुंकू बंद हं."

"पायांवर चार हात जास्तीच दे बाई," नणंद डोळे पुसत म्हणाली. "ही काय ऐकणारी न्हाय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिला उलट उत्तर दिलं नाही.