ताराचे डोळे

इंदोरा वस्तीतल्या बळीराम पेंटरला कुणी चित्रकार म्हटलं असतं तर तो लाजून चूर झाला असता, आणि कुणीच म्हणत नाही म्हणून मनातून रुसायचाही तोच. जरीपटक्याच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात बुद्धाची चित्रं काढायची, हा त्याचा क्रम. आसपासच्या बौद्ध वस्त्यांत लग्न असलं की वंदनेच्या टेबलावर बळीरामचाच बुद्ध. मिटत आलेल्या पापण्या, लांब कान, ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू. हे सगळं हाताला इतकं पाठ झालेलं की गप्पा मारता मारता चेहरा पुरा व्हायचा. दुसऱ्या कुणाचा चेहरा त्यानं जन्मात काढला नव्हता.

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात त्याची धाकटी बहीण प्रेमिला उमरेडहून एसटीनं आली. कडेवर साडेतीन वर्षांची तारा. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "दादा, माह्या ताराचं चित्र काढून दे."

"स्टुडिओत फोटो काढ ना वं."

"काढला होता. पोरगी हालली. तोंडाच्या जागी नुसता धूर." मग खाली पाहत म्हणाली, "सुमीचं तोंड मले आता आठवत नाही गा."

सुमी म्हणजे सुमती, प्रेमिलाची पहिली मुलगी. पाच वर्षांपूर्वी तापात गेली, ताराच्याच वयाची असताना. तिचा एकही फोटो नव्हता.

"तिचा फ्रॉक आठवते, आवाज आठवते. तोंड आठवाले गेली की ताराचंच तोंड समोर येते. उद्या हिचंही असंच झालं तं मी काय करू?"

बळीरामची बायको कौसल्या चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "जित्या लेकराचं चित्र भिंतीवर नाही लावत कोणी. भिंतीवर गेलेलेच असतात." तिचं बोलणं खोटं नव्हतं. वस्तीतल्या कुठल्याही घरात जा, भिंतीवर घरचा माणूस दिसला की त्याला हार असायचाच. पण बहिणीच्या तोंडाकडे पाहून बळीरामनं मुकाट्यानं हार्डबोर्ड काढला.

लेकराचं चित्र काढणं काय चीज आहे ते त्याला लगेच कळलं. बुद्ध हलत नाही. तारा एका जागी टिकेल तर शपथ. आता रंगाच्या डब्यात बोट, तर आता मांजरामागे. गालाची रेघ ओढायला घ्यावी तर गाल दाराबाहेर. शेवटी बळीराम वैतागला आणि वैतागलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. पोरीकडे पाहणंच सोडून दिलं आणि हाताला येत होतं ते काढून मोकळा झाला.

वर स्वारी खूश! फ्रॉकची लेस झकास उतरली होती. बोर्ड भिंतीला टेकवून त्यानं दोघींना हाक मारली.

कौसल्या आधी कान बघून हसत सुटली. "हे कान कोणाचे बाप्पा? खांद्याले लागून राहिले!" मग तिचं हसू विरलं. "अन् ही निजली काहून?"

तेव्हा कुठे बळीरामला दिसलं. पापण्या मिटत आलेल्या, चेहरा शांत. बुद्धाला शोभणारी ती शांती फ्रॉकमधल्या पोरीच्या तोंडावर भयंकर दिसत होती.

प्रेमिला पांढरीफटक पडली. "सुमीचे डोळे असेच मिटले होते. मले तेवढंच आठवते." मग ती बळीरामकडे वळली. "दादा, हिचे डोळे उघड."

दुसऱ्या दिवशी सकाळी तारा तापानं फणफणली.

चित्रानं ताप येत नाही, हे बळीरामला कळत होतं. धम्माची दीक्षा घेतल्यापासून असल्या गोष्टी आपण सोडल्या, असं वस्तीत तोच सगळ्यांना सुनवायचा. तरी त्यानं बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला. दुपारी प्रेमिलानं ताराला शालीत गुंडाळलं आणि कौसल्याला सोबत घेऊन ती दवाखान्यात निघाली. दारातून वळून एवढंच म्हणाली, "मी येतपर्यंत उघड."

बळीरामनं टर्पेंटाइनच्या फडक्यानं पापण्या पुसून काढल्या. आता चेहऱ्यात दोन डाग होते आणि त्यांत भरायला त्याच्याकडे काही नव्हतं. उघडा डोळा कसा असतो? त्यानं आरशात पाहून आपला काढला. पोरीच्या तोंडावर चाळिशीतला थकलेला माणूस आला. पुसला. ताराचे आठवून पाहिले, तर सकाळची तापानं डोळे मिटलेली तारा दिसली. आपण हे नसतं धाडस केलंच कशाला, म्हणून त्यानं स्वतःला शिव्या घातल्या आणि पुन्हा ब्रश बुडवला. या खेपेला हात थांबला नाही. एक डोळा झाला. दुसरा झाला, पहिल्यापेक्षा किंचित बारीक, हसायच्या आधी बारीक होतो तसा.

डोळे त्याच्याकडे पाहायला लागले आणि बळीराम गार पडला.

ही तारा नव्हती, सुमी होती. जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, प्रेमिला आजारी असताना, सुमी इथे मामाकडे राहिली होती. रोज उलट्या डब्यावर बसून मामा रंगवतो ते बघायची. एवढ्या जवळून, एवढा वेळ दुसरं कुठलं लेकरू त्याच्यासमोर बसलंच नव्हतं. पोर तिकडे तापात आणि आपण तिच्या जागी मेलेली बहीण काढून बसलो! त्यानं फडकं उचललं, तेवढ्यात दार वाजलं.

"ताप उतरला," कौसल्या आत येता येता म्हणाली. "इंजेक्शन देल्लं. वाटेत मुरमुरे मांगून राहिली होती." मागून प्रेमिला आली, खांद्यावर जागी तारा. बळीराम फडकं घेऊन चित्राच्या आड उभा राहिला. "थांब वं, चुकलं माह्यं. पुसतो."

प्रेमिलानं त्याला हातानं बाजूला केलं. ताराला खाली ठेवलं आणि चित्रापुढे मटकन बसली. 

"माय वं," ती म्हणाली. "सुमे."

मग रडली. पोटभर, आवाज काढून रडली. तारा भेदरून मामीला बिलगली. कौसल्यानं चित्राकडे पाहिलं, मोकळ्या भिंतीकडे पाहिलं आणि खिळा शोधायला गेली.

डोळे पुसून प्रेमिला चित्राच्या अगदी जवळ सरकली. "कान बारके कर, दादा. सुमीचे कान एवढे नव्हते. अन् भुवईपाशी खोक होती तिले, पाळण्यातून पडली होती तेव्हाची."

बळीरामनं बारीक ब्रश उचलला. "कोणत्या भुवईपाशी?"

प्रेमिलानं डोळे मिटले आणि क्षणभरही न अडखळता सांगितलं, "डाव्या."