शेवगा काढायची वेळ

संग्रामपूरहून सातपुड्याकडे जाताना लागणाऱ्या त्या गावात रस्ता रुंद करताना जुनी झाडं गेली आणि बाजाराला येणारी माणसं उन्हात करपू लागली. तेव्हा ग्रामसभेत रहेमतुल्लाचाचा उठले नि म्हणाले, "झाडं मी लावतो."

लोक हसले. चाचा जातिवंत सुतार. गावातली निम्मी दारं-चौकटी त्यांच्या हातची.

"चाचा, तुम्ही तं जलमभर झाडं कापली," मागून कोणी म्हणालं.

"म्हणूनच म्हणतो. कोणतं झाड आतून कसं असते, हे मले मालूम हाये."

सरपंच हिंमतरावांना गुलमोहर हवा होता. लवकर वाढतो, दिसतोही झकास. चाचांनी मान हलवली. "त्याचं लाकूड ठिसूळ. वावधनाच्या वाऱ्यात फांदी तुटली अन् खाली माणूस असला, मंग? कडुनिंब लावू, चिंच लावू."

"अन् चिंचीची सावली पाहाले मी जगतो का?" हिंमतराव म्हणाले.

हेही खोटं नव्हतं. चाचांनी मग तोड काढली. कडुनिंब-चिंचांच्या मधोमध शेवगा लावायचा. तो भराभर वाढेल, सावली देईल, लहान रोपांवरचं ऊनही झेलेल. रोपं डोक्याच्या वर गेली की शेवगा काढायचा.

"काढायचा म्हंजे काढायचा. आजच ठरवा."

"हाव, हाव," सगळी सभा म्हणाली.

भर उन्हाळ्यात खड्डे खणून, मातीतली कीड मरावी म्हणून तापू दिले, पावसाळ्याच्या तोंडावर शेणखत घालून रोपं लावली. शेळ्यांपासून वाचवायला बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. ज्याच्या दुकानापुढं झाड, पाणी त्यानं घालायचं. शेवगा बघता बघता वर गेला. भाजीवाल्या मंजुळाबाईंनी आपलं दुकान त्यातल्या एकाखाली हलवलं. बसल्या जागी त्या शेंगा विकायच्या आणि कुणी फांदीला हात लावला की ओरडायच्या, "माह्या शेवग्याले हात लावू नको बे!"

पुढं कडुनिंब वाढले. एके दिवशी चाचा कुऱ्हाड-करवत घेऊन आले, तर मंजुळाबाई बुंध्याला पाठ लावून बसलेल्या.

"चाचा, याले काऊन तोडून राह्यले?"

"ठरलं होतं ना बाई."

"तवा मी याच्याखाली बसत नव्हती."

चाचा खाली बसले. शेवग्यामागचा कडुनिंब दाखवत म्हणाले, "हा पाह्य, उजेडासाठी कसा वाकून राह्यला. असाच वाढला तं सारं वजन एका अंगाले येते. असं झाड मंग फाटते. मी लय पाह्यले."

मंजुळाबाईंनी कडुनिंबाकडं पाहिलं. वाकला तर होताच.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण यंदाच्या उन्हाळ्यात मी कुठी बसू?"

सगळ्या झाडांचा विचार चाचांनी केला होता. या बाईच्या डोक्यावरच्या उन्हाचा मात्र केलाच नव्हता. त्यांनी वरची एकेक फांदी निरखली. मग उठले.

"यंदा पुरा नाही तोडत. कडुनिंबाकडच्या फांद्या तेवढ्या काढतो. तुह्या डोक्यावरची राहू देतो."

त्यांनी प्रत्येक फांदीला आधी खालून काप दिला, मग वरून करवत चालवली, म्हणजे पडताना खोडाची साल सोलत नाही. कडुनिंबाला बांबूचा आधार बांधला. उजेड मिळाला, पाऊस लागला आणि तो हळूहळू सरळ झाला. रस्त्यावरच्या बाकी शेवग्यांनाही त्यांनी तोच न्याय लावला.

पुढच्या पावसाळ्यानंतर मंजुळाबाई स्वतःच चाचांच्या दारात आल्या. "चला चाचा, आता होते कडुनिंबाची सावली." शेवगा पाडताना दोर त्यांनीच धरला. तो आडवा झाला तेव्हा पदरानं डोळे पुसले आणि लगेच पाल्याची भाजी खुडायला बसल्या.

आता कडुनिंबाखालच्या जागेसाठी मंजुळाबाईंचं आणि शेजारच्या बांगडीवाल्याचं दर बाजारी वाजतं. चाचांना त्यात पडायला सवड नाही. शाळेच्या रस्त्यावर झाडं लावायचं काम हिंमतरावांनी आपणहून त्यांच्याकडं दिलंय. तिथं वरून विजेच्या तारा जातात, म्हणून ठेंगणी राहणारी झाडं निवडलीत: आपटा आणि कांचन. खड्डे खणून झालेत, तापताहेत.